काचेच्या पेटीतले बोंबील

शिरगावच्या जमनाने जन्मभर बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर, म्हणजे उघड्यावरच्या आडव्या काठ्यांवर, वाळवले. बासष्ट साली मुंबईचा एक साहेब उन्हावर भात शिजवणारी काचेची पेटी तिच्याकडे ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मनोरचा बाजार होता आणि बोंबील अजून ओलेच. काचेत ऊन जास्त, म्हणजे वाळतीलही लवकर, असं धरून तिने टोपलीभर बोंबील पेटीत कोंबले. दुपारी झाकण उघडलं तर आत नुसता लगदा!

"ऊन तर तेच हाय ना गो?" तिने जावेला विचारलं.

"ऊन तेच, पन पेटीत वारा कुठं हाय?" जाऊ हसली.

"वाऱ्याचं साहेब बोललाच नाय!" जमना कधी सूर्याकडे बघे, कधी पेटीकडे. शेवटी तिने लगद्यात मीठ-मिरची कालवली. "बाजार बुडाला, जेवान तरी होऊ दे."