बद्द वाजलेली पुंगळी

शनिवारी दुपारी आईनं देवाची भांडी चिंचेनं घासली आणि ओट्यावरच्या फडक्यावर पालथी घातली. समई, निरांजन, घंटा आणि त्यांच्या रांगेत बंदुकीच्या गोळीची एक रिकामी पितळी पुंगळी.

"तुझ्या धुवायच्या पँटच्या खिशात होती," ती म्हणाली. "म्हटलं उदबत्ती खोचायला बरी. तोंड जरा मोठं आहे, पण आत तांदूळ भरू."

मी खाली बसलो.

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि सक्तीची लष्करी सेवा करत होतो. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या आमच्या फ्लॅटवर शनिवार-रविवारी यायचो. या देशात घरात गोळी सापडली तर काय होतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर तर रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत द्यायची. मग एकेकानं हात वर करून ओरडायचं, माझ्याजवळ गोळी नाही, पुंगळी नाही, सर! आदल्या दिवशी मी ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो होतो. खिशाच्या फ्लॅपखाली हात न घालताच. मोजणीत एक कमी भरली तेव्हा कुणीतरी गवतातून एक जुनीच उचलून दिली. हिशेब जुळला आणि आम्ही सुटलो.

बाबा आतून आले. सिंगापूरला येण्याआधी ते पुण्याजवळ दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते आणि कामगार युनियनचे कार्यकर्ते. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या संपाच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पुंगळी ओट्यावर आपटली. नाणं पडल्यासारखी ती खणखणायला हवी होती.

"बद्द वाजतेय," ते म्हणाले आणि ती घेऊन खिडकीशी गेले. चिंचेनं लख्ख झालेल्या पितळावर केसाएवढी काळी रेघ दिसत होती.

"आमच्याकडे सरावाच्या पुंगळ्या पुन्हा भरायला यायच्या. त्या तडकायच्या, त्यात नवल नाही. दर वेळी बार झाला की पितळ फुगतं, दर खेपेला आपण दाबून मापात आणतो. चार-सहा खेपांत ते कडक होतं, चिवटपणा जातो. मधे तापवून मऊ केलं नाही तर तोंडाशी फाटतं. पण तुम्हाला देतात त्या कोऱ्या ना?"

"हो."

"म्हणजे हिचा एकदाच बार झालाय. मग पितळ मुळात वाईट असेल. किंवा गोदामात अमोनिया लागला असेल, त्यानंही तडकतं. नाहीतर बंदूक." त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. "तोंडाशी असती तर मी गप्प बसलो असतो. ही पोटावर आहे, बुडाकडे निघालीय. बंदुकीत गोळी बसते ती जागा सैल झाली की पुंगळीला आधार राहत नाही. एखादी बुडाशी फाटली तर जाळ मागे येतो."

"मागे म्हणजे कुठे?"

त्यांनी बोट माझ्या गालावर ठेवलं.

ती माझ्या बंदुकीची नव्हतीच. आमच्या बंदुका पुंगळ्या उजवीकडे फेकतात. माझ्या डावीकडे माझा मित्र पालथा पडून नेम धरत होता आणि त्याच्या तापलेल्या पुंगळ्या माझ्या अंगावर पडत होत्या. त्यातलीच एक खिशात शिरली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा रेंज होती. पुन्हा तीच बंदूक, त्याचा तोच गाल.

"शूटमध्ये टाक," आई म्हणाली. स्वयंपाकघरातलं कचरा तळाशी सोडायच्या नळीचं, शूटचं, झाकण तिनं उघडूनच धरलं होतं. "बारा मजले खाली जाईल. कुणाला कळणार आहे? अरे, तुला आत टाकतील रे!"

मी बाबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? पत्रकाखाली आपलं नाव छापायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं."

इतकी वर्षं मला वाटायचं की तत्त्वासाठी उभं राहणाऱ्याला भीती वाटत नसावी. पत्रकात तसंच लिहिलेलं असायचं. ते खोटं आहे. रविवारी संध्याकाळी कॅम्पकडे जाणाऱ्या बसमध्ये दोन पोलीस चढले, तेव्हा मी मूठ इतकी आवळली की पुंगळीची कड तळहातात रुतली. ते आपसात फुटबॉलबद्दल बोलत होते. एक स्टॉप आधीच उतरून मी चालत गेलो.

सार्जंटसमोर मूठ उघडली. त्यानं पुंगळी चिमटीत उचलली.

"यू सिरियस? डिक्लेअर केलं होतंस ना?"

"येस, सार्जंट. खोटं होतं ते. पण चीर बघा."

"चीर नंतर. आधी तुझ्यावरचा चार्ज, लाह," तो इथल्या ढंगात म्हणाला. मग त्याची नजर रेघेवर गेली आणि आवाज उतरला. "डावीकडे कोण होता?"

मित्राचं नाव घेताना मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

मला चौदा दिवस कॅम्पबाहेर जायला बंदी झाली. त्याची बंदूक शस्त्रागारात तपासणीला गेली आणि परत आली नाही. काय सापडलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याला दुसरी मिळाली, तिचा नेम पहिल्यापासून जुळवावा लागला. "ब्लडी हरिश्चंद्र!" तो म्हणाला. ही शिवी मीच त्याला शिकवली होती. "चांगली बसली होती माझ्या हाताला."

पुढच्या रेंजवर तो पुन्हा माझ्या डावीकडे होता. हुकूम झाला. मी माझी गोळी झाडलीच नाही. मान वळवून त्याच्या गालाकडे बघत राहिलो. त्याचा बार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मागून सार्जंट माझ्या नावानं ओरडत होता, तरी मी त्याचे बार दहापर्यंत मोजले.