बरड

आत्याच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा : बरड. भात फडफडीत झाला की ‘बरड’, बाबांच्या डोक्यावरचे केस गेले तर ‘बरड’, कोणी कोरडं हसलं तर तेही ‘बरड’. आमच्या डोंबिवलीच्या घरात दुसऱ्या कोणाला तो शब्द लागत नसे. लहानपणी मी अर्थ विचारला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “गावाकडे मुरमाची, दगडाची जमीन असते ना, ती. पाणी धरत नाही, पीक देत नाही.”

हातातली घडी ठेवत तिने सहज सांगितलं, “मला सासूबाई बरड म्हणायच्या.”

आत्याला मूल झालं नाही. नवरा गेल्यावर सासरी तिला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून बाबा तिला घेऊन आले. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत टायपिस्ट झाली. संध्याकाळी घरी आली की गॅलरीत उभी राहायची. कारखान्यांच्या धुरातून आभाळ जांभळं व्हायचं आणि ती इतकी गप्प असायची, की हाक मारली तर दूरच्या गावाहून परत आल्यासारखी वळून बघायची.

निवृत्त झाल्यावर ती सकाळी फिरायला जाऊ लागली. तिथे तिला पाटीलकाका भेटले. ते विधुर होते, कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले आणि आत्याइतकेच कमी बोलणारे. एका हिवाळ्यात त्यांनी आम्हां दोघींना खडवलीची आपली जमीन दाखवायला नेलं. धुकं उतरत होतं. पिवळ्या गवतातून काळे दगड वर आलेले, पलीकडे नदी नुसती ऐकू येत होती.

काका जरा संकोचून म्हणाले, “बाय, जमीन बरड आहे. पिकाचं काय खरं नाय. पण घर बांधलं तर पाया खचायचा नाय.”

आत्या बराच वेळ दगडांकडे बघत राहिली. मग हसली, आणि ते हसू मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

तिने लग्नाचं सांगितलं तेव्हा बाबा ताटावरून उठले. “या वयात? लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर.”

“केला, दादा. आयुष्यभर तोच केला,” ती म्हणाली.

नोंदणीला घरातून मी एकटी गेले. त्या वर्षी भाऊबीजेला बाबा दिवसभर पेपर धरून बसले. पुढच्या वर्षी मात्र सकाळीच अंघोळ करून त्यांनी मला विचारलं, “खडवलीला उतरल्यावर रिक्षा मिळते का?”

आत्याने काही विचारलं नाही. पाट मांडला, ओवाळलं, करंज्या वाढल्या. दुपारी सगळे त्यांच्या नव्या घराच्या अंगणात बसलो. ऊन गवतावरून सावकाश सरकत होतं. काका पाणी आणायला आत गेले, तेव्हा बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, “सुखात आहेस ना गं?”

“झोप लागते रे, दादा,” आत्या म्हणाली. “इथे आल्यापासून रात्रभर झोप लागते.”

 डोंबिवलीला इतकी वर्षं बाबा आणि ती एका भिंतीच्या दोन बाजूंना झोपत होते.