पुढच्या चाकांतली हवा

ट्रॅकवर त्याला सगळे अर्धेराव म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं. टायरमध्ये अर्धा पौंड हवा कमी-जास्त असली तरी हा माणूस पुन्हा गुडघ्यावर बसायचा, व्हॉल्व्हचं टोपण काढायचा आणि हवा मोजायचा काटा लावायचा. ड्रायव्हर आत बसून हॉर्न बडवतोय, मागे गाड्या ताटकळल्यात, आणि हा आपला शांतपणे चिमूटभर हवा सोडतोय. "अहो अर्धेराव, तुमच्या अर्ध्या पौंडानं माझं काय अडलंय?" असं कुणी चिडून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं: "तुमचं नाही, वळणावर गाडीचं अडतं." पुढे पुढे तर लोक मजा म्हणूनच विचारायचे.

त्याची जागा म्हणजे ट्रॅकच्या कडेची पत्र्याची शेड. एका भिंतीला टायरच्या चळती, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर आणि मधे एक स्टूल. त्या स्टुलावर तो बसलेला कुणी पाहिला नव्हता. तापलेल्या रबराचा वास तिथे इतका मुरलेला की त्याच्या डब्यातल्या जेवणालाही तोच लागायचा. वेगाच्या गाड्या हौसेनं पळवणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी यायची आणि पहिल्यांदा याच्या दारात गाडी उभी करायची.

टायरची हवा ठरवणं वरवर पाहिलं तर पोरखेळ वाटतो. काटा लावा, आकडा बघा, झालं. पण ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा फुगते, आणि सकाळी टायर थंड असताना भरलेला आकडा थोड्याच फेऱ्यांत कुठल्या कुठे जातो. म्हणून तापल्यावर किती व्हायला हवी ते आधी ठरवायचं आणि त्या हिशोबानं सकाळी कमी भरायची. किती कमी, ते ऊन सांगतं, रस्ता सांगतो आणि सगळ्यात जास्त सांगतो तो गाडी चालवणारा. अर्धेराव फेरीनंतर टायरवर तळवा फिरवायचा, आधी बाहेरची कड, मग मधला भाग, मग आतली कड, आणि माणूस कसा चालवतो ते त्याच्या तोंडावर सांगून मोकळा व्हायचा. भीडभाड ठेवायचा नाही. "तुम्ही घाबरून ब्रेक मारता," असं त्यानं एका बड्या आसामीला चारचौघांत सुनावलं होतं, आणि तो बिचारा कानकोंडा होऊन निघून गेला होता.

एकाच माणसाच्या तोंडावर त्याला खरं बोलता आलं नाही. ते त्याचे भाऊजी.

आई गेली तेव्हा अर्धेराव शाळेत होता. ताईचं लग्न झालं तेव्हा तिनं त्याला सोबतच नेलं, आणि भाऊजींच्या कपाळाला त्यावरून कधी आठी पडली नाही. उलट त्यांनी त्याला आपल्या गाडीखाली सरपटायला लावलं, पाना कसा धरायचा ते शिकवलं, हवेचा काटा पहिल्यांदा हातात दिला तो त्यांनीच. तरुणपणी भाऊजी शर्यतीत गाडी काढायचे आणि वयाला उतार लागला तरी ते खूळ उतरलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातली गत. त्यांची ती जुनी गाडी मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. आजकालच्या गाड्यांच्या ब्रेकला स्वतःची थोडी अक्कल असते, चाक अडकू लागलं की ते आपणच सैल सोडतात. या गाडीत तसलं काही नव्हतं. ब्रेक किती दाबायचा हे पायानंच ओळखायचं.

आणि पायाचंच घोडं अडलं. भाऊजींना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. एकदा भाऊजी बाहेरून आत येऊन जेवायला बसले, तेव्हा ताईला दिसलं की त्यांच्या एकाच पायात चप्पल आहे.

"दुसरी चप्पल कुठे गेली?"

"आहे की पायात," भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले.

दुसरी दाराबाहेर निसटून पालथी पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तळपायाची जाणीव जवळजवळ गेली आहे. भाऊजींनी ते हसण्यावारी नेलं. "पाय चालतोय ना माझा? मग डॉक्टरला गाडीतलं काय कळतंय?"

अर्धेरावाला हे नवीन नव्हतं. टायरनं आधीच चुगली केली होती. भाऊजींच्या पुढच्या टायरवर चपटे डाग पडू लागले होते. ब्रेक जास्त दाबला जाऊन चाक अडकतं आणि रस्त्यावर फरफटत जातं, त्याचे ते डाग. सगळी हयात गाडी चालवणाऱ्या या माणसाच्या टायरवर असा डाग त्यानं कधी बघितला नव्हता.

ताईनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "माझं ते ऐकणार नाहीत. बायकांना काय कळतं म्हणतील. तू टायरचं काही सांगितलंस की मुकाट मान हलवतात. तूच सांग, आता बास झालं म्हणून."

"सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना, ताई."

आणि तो खरंच सांगायला गेला. भाऊजी शेडसमोर शीळ घालत काच पुसत होते. "काय रे अर्ध्या, तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?" म्हणाले. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारा हा माणूस, याची जीभ टाळ्याला चिकटली. ज्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याला 'तुमचे पाय गेले' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तो खाली बसला, काटा लावला आणि पुढच्या दोन्ही चाकांत सहा पौंड हवा जास्त भरली.

टायर असा टरटरून फुगला की त्याचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो. पकड जाते. वळणावर गाडी लवकरच नाक बाहेर काढते, वळता वळत नाही, आणि चालवणाऱ्याला झक मारत वेग कमी करावा लागतो. गाडी मंद होते, पण मागून सुटत नाही, गरकन फिरत नाही. माणूस जिवंत घरी येतो. अर्धेरावानं एवढंच पाहिलं.

ताईला त्यानं सांगितलं, "बोललोय मी त्यांच्याशी. हळू चालवतायत आता." ताईनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याच्या पानात जास्तीचं वाढलं.

हळू तर ते चालवतच होते. कालची पोरं पुढे निघून जायला लागली. भाऊजी वैतागायचे, इंजिन उघडायचे, सगळं खापर गाडीवर फोडायचे. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून लोक मागे हसायचे. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा जवळच फडक्याला हात पुसत उभा असायचा. त्याला ते हसणं ऐकवत नसे. पण प्रत्येक वेळी भाऊजी धडधाकट परत यायचे, आणि तो पुढच्या खेपेला पुन्हा तेवढीच हवा भरायचा.

शेवटी एके दिवशी भाऊजी म्हणाले, "गाडी म्हातारी झाली रे. विकून टाकतो. आता एकदा शेवटची पळवतो आणि संपलं." त्यांचे डोळे भरून आले होते. अर्धेरावाला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. त्याला मनातून वाटलं, सुटलो. खरं न बोलता काम झालं.

तो शेवटचा दिवस उजाडला. गाडी एक फेरा मारून, टायर तापवून शेडसमोर आली. शेजारच्या ड्रायव्हरनं नवा काटा आणला होता आणि तो जो भेटेल त्याला दाखवत सुटला होता. भाऊजींनी गंमत म्हणून तो मागून घेतला आणि आपल्याच पुढच्या चाकाला लावला.

"अर्ध्या, इकडे ये. हा चाळीस दाखवतोय. तू किती ठेवली होतीस?"

"चौतीस," अर्धेराव म्हणाला.

भाऊजींनी दुसरं चाक बघितलं. तिथेही चाळीस. शेजारच्यानं छातीठोक सांगितलं, काटा दुकानात दुसऱ्या काट्याशी ताडून आणलाय, अगदी बरोबर आहे. आणि मग भाऊजी हसायला लागले, अगदी पोट धरून. "म्हणजे तुझा काटा बिघडलाय, लेका! आणि मी त्या बिचाऱ्या गाडीला शिव्या घालतोय! अरे, मला वाटलं मीच संपलो."

एक वाक्य बोलायचं होतं. काटा बरोबर आहे, भाऊजी, मी मुद्दाम भरली, तुमच्या पायाला कळत नाही म्हणून भरली. वाक्य ओठावर आलंही होतं. पण भोवती माणसं होती, भाऊजींच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी ते हसू होतं, आणि आता खरं सांगायचं तर इतके दिवस केलेली फसवणूकही सांगावी लागणार होती.

"बिघडला असेल," तो म्हणाला.

"मग बघतोस काय? सोड हवा."

भाऊजी नवा काटा घेऊन डोक्यावर उभे होते. तिथे लबाडीला जागा नव्हती. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं हवा सोडली, मग पुन्हा लावून पाहिलं, अर्धा पौंड जास्त वाटली तीही सोडली. चारही चाकांत जशी हवी तशीच हवा झाली. भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसले.

गाडी वळणात अशी शिरली की बघणाऱ्यांनी माना वळवल्या. शेडसमोरून जाताना भाऊजींनी खिडकीतून अंगठा दाखवला. पुढच्या फेरीला ते आणखी जोरात आले. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला त्यांनी ब्रेक मारला. किती मारला ते त्यांच्या पायाला कळलं नसणार. चाकं अडकली, त्यांनी दचकून पाय उचलला, पुढच्या टायरनी एकदम रस्ता धरला आणि मागची बाजू सुटली. गाडी फिरून भिंतीवर गेली. आवाज शेडपर्यंत आला. दवाखान्यात पोचायच्या आधीच भाऊजी गेले होते.

चौकशीला माणसं आली. जे टायर शाबूत होते त्यांची हवा मोजली, एकमेकांना आकडे वाचून दाखवले आणि हवा अगदी बरोबर होती असं सगळ्यांसमोर सांगितलं. ट्रॅकवरचे लोक एकेक करून त्याच्याजवळ आले. "तुमच्या कामात खोट नव्हती, अर्धेराव," म्हणाले. तो मान हलवत राहिला. त्या दिवसापासून त्यानं काटा हातात धरला नाही. पुढे बरीच वर्षं तो एका गोदामाच्या फाटकावर राखणदार होता आणि तिथे त्याला अर्धेराव म्हणून कुणी ओळखत नव्हतं.

पण ते नंतरचं. घरी भेटायला येणारी माणसं ओसरली, तेव्हा एका दुपारी ताई आणि तो दोघंच उरले. दाराशी भाऊजींच्या चपला तशाच होत्या, तिनं कुणाला उचलू दिल्या नव्हत्या.

"तू बोलला होतास ना यांच्याशी, पायाचं," ती म्हणाली. "तेव्हा काय म्हणाले होते रे? चिडले होते का? मला त्यांनी कधी काही दाखवलं नाही. त्यांचे शब्द तरी सांग."



"हवा बरोबर होती, ताई," तो म्हणाला. "सगळ्यांनी मोजून बघितली."

"हवेचं कुठे विचारतेय मी?" ताई म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.