हक्क, नाहक आणि हकीकत

कारखाना म्हटला की किस्से साचणारच, राव! लेथखालचा कीस कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी ढीग आहेच. एकोणीसशे पन्नासनंतरची ती सालं. जेवणाच्या सुट्टीत करंजाखाली आम्ही तिघं बसायचो. हजेरी मांडणारे टाइम ऑफिसचे काझी मास्तर, लेथ चालवणारा पिंपरी गावचा टर्नर गणपत आणि मी. मास्तरांना खोड एकच, घासागणिक शब्दाचं मूळ उकरायचं!

*

एकदा ओव्हरसियर उशिरा आला. "हकीकत अशी की, सायकल पंक्चर..."

मास्तर म्हणाले, "हकीकत अरबी. म्हणजे खरं घडलेलं. तुम्ही सांगताय तो बहाणा. तो शब्द फारसी!"

*

गणपतनं विचारलं, "आन् हक्क?"

"त्याच मुळाचा. हक्क, हकीकत, नाहक, सगळी एका घरची. मूळ अर्थ, जे खरं आहे, ठाम आहे ते."

गणपतचा घास हातातच राहिला. कंपनीनं त्याचं शेत घेताना 'शेतातली विहीर गावाला खुली ठेवू' असा शब्द दिला होता. मग भिंत आली, फाटक आलं, कुलूप आलं. त्याची बायको भागाबाई नि गावातल्या बाया नदीचं गढूळ पाणी वाहत होत्या, पोरं आजारी पडत होती. आमचं डोकं फिरायचं.

*

भागाबाई हंडा घेऊन फाटकाशी येऊन बसली.

वॉचमन म्हणाला, "उठा बाई, साहेबांचा हुकूम नाही."

"बसायला कुनाचा हुकूम लागतो रं?"

मग रोजच येऊ लागली. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही.

*

शेवटी मॅनेजरसाहेब वर्कशॉपमध्ये आले. "गणपत, तुझी बायको नाहक त्रास देतेय!"

"साहेब, हक्क नसताना दिला तर नाहक. ह्यो तर हक्काचा तरास हाय!"

गणपतची त्या दिवसाची हजेरी कापली. भागाबाई दुसऱ्या दिवशी हजर!

*

पुढं साहेबांना मुलगा झाला. सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं विहीर पुजायची. बंगल्यात नळ होता, पण नळाची ओटी कशी भरणार? विहीर कंपनीच्या आवारातली, ती एकच. सोबत सवाष्णी हव्यात, म्हणून साहेबांच्या आई स्वतः फाटकाबाहेर आल्या.

"चल गं, सुनेला विहिरीवर न्यायचंय. चारजणी अजून बोलाव."

भागाबाई जागची हलली नाही. "विहीर आमची न्हाई म्हनता, मंग सवाष्णी आमच्या कशाला?"

आईंनी वळून मागं उभ्या साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघू लागले.

"ऊठ," आई म्हणाल्या. "माझा शब्द आहे."

पूजा झाली. सवाष्णींच्या ओट्या भरायला घेतल्या. भागाबाईच्या पदरात तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. मग आईंनी वॉचमनपुढं हात केला, फाटकाची किल्ली घेतली आणि तीही ओटीत घातली.