करवंददऱ्याचा फाटा

निवाऱ्यात वाढदिवस साजरे करायला येणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. केळी वाटतात, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि साली आमच्यासाठी ठेवून जातात. नगरच्या या बेघर निवाऱ्याची मी व्यवस्थापक. त्यामुळे भिंगारचे काकासाहेब शिरसाठ पहिल्यांदा दारात उभे राहिले, तेव्हा मी विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"

"कुनाचाच न्हाई," ते म्हणाले. "एसटीत कंडक्टर हुतो, एकतीस वर्षं. आता घरी बसून बायकोशी भांडनं हुत्यात. काही काम असंल तर सांगा."

दर गुरुवारी ते यायला लागले. चादरी धुवायचे, म्हाताऱ्यांची नखं कापायचे आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकतीस वर्षांत एकाही माणसाला थांबा चुकवून पुढं नेलं नाही, हे मी निदान शंभरदा ऐकलं असेल.

पण त्यांनी एक काम स्वतःच शोधून काढलं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आपलं गाव सांगता येत नाही. पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतात, मी ओरडून विचारते. ती नुसती बघत राहतात. काकासाहेब त्यांच्या शेजारी बाकावर बसायचे आणि गाडीत म्हणावेत तसे एकेका मार्गाचे थांबे म्हणायचे. पाथर्डीचे, शेवगावचे, जामखेडचे. गाव विसरलं तरी उतरायची सवय जात नाही, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. वर्षभरात त्यांनी चौघांची गावं अशी काढून दिली. प्रत्येक वेळी आठवडाभर ते इतके फुगलेले असायचे की त्यांच्याशी बोलणं मुश्कील व्हायचं.

रंगुबाई आम्हाला एसटी स्टँडवर सापडली. हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. नावाखेरीज काही सांगेना. काकासाहेबांनी तीन गुरुवार घालवले. चौथ्या गुरुवारी ते म्हणत होते, "राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, कळस, अकोले, करवंददरा फाटा..."

रंगुबाईनं गाठोडं उचललं. "मास्तर, थांबवा. मला उतरायचंय."

जुनी माणसं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच लपवत नाही.

आम्ही दोघं तिला घेऊन गेलो. फाट्यावर उतरल्यावर तिला वाट दाखवावी लागली नाही. चढण चढून तीच आमच्या पुढं गेली. तिचा मुलगा आसाराम धावत आला, पाया पडला, रडला. सुनेनं चहा केला. शेजारीपाजारी जमले. आसारामनं आई कुठं सापडली हे विचारलं नाही. हरवल्याची तक्रारही कुठं केलेली नव्हती. ती का केली नाही, हे मी विचारायला हवं होतं. काकासाहेबांचा उजळलेला चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

निघताना काकासाहेबांनी आपला नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या गाठोड्यात बांधला.

तीन महिन्यांनी त्या नंबरवर सोलापूरच्या निवाऱ्यातून फोन आला. आम्ही गेलो. तेच लुगडं, तेच गाठोडं, ती मात्र निम्मी झालेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, "संगमनेरला मुलानं बसवून दिलं होतं. कंडक्टरला म्हणाला, आईला शेवटच्या स्टॉपला उतरवा, मामा घ्यायला येणार आहे. कंडक्टरनं दोन तास वाट बघितली. कुणी आलं नाही, म्हणून तोच इथं घेऊन आला."

पहिल्या वेळी शेवटचा स्टॉप नगर होता. घर सापडलं, म्हणून या वेळी लांबची गाडी निवडली. ते घर आम्हीच शोधून दिलं होतं. पंचाहत्तरीच्या पुढं एसटीला तिकीटही लागत नाही.

मला वाटलं काकासाहेब आसारामला शिव्या घालतील. मी तर घातल्या. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"मॅडम, हे वाक्य मी लई येळा ऐकलंय," ते म्हणाले. "म्हातारीला शेवटाला उतरवा, घ्यायला येनार हायेत. मी दाराजवळची जागा द्यायचो. हाताला धरून उतरवायचो, गाठोडं हातात द्यायचो, अन् गाडी घेऊन माघारी. वाटायचं, पुन्य केलं. इथल्या त्या कंडक्टर पोरानं दोन तास वाट बघितली. मी कधी मागं वळून बघितलं न्हाई."

"सगळ्याच काही अशा नसतील," मी म्हणाले.

"कोनत्या नव्हत्या, ते आता कुनाला इचारू?"

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. कायदा आहे, मुलाला आई सांभाळावी लागते. काकासाहेबांनी मान हलवली. "कायद्यानं तो नेईल. अन् तिसऱ्यांदा बसवंल. तवा चिठ्ठी बी काढून घेईल."

रंगुबाईला घेऊन आम्ही नगरला परतलो.

रंगुबाई आता आमच्याकडेच आहे. काकासाहेब गुरुवारी येतात, चादरी धुतात, मुकाट्यानं. दुसऱ्या कुणाजवळ बसून ते थांबे म्हणत नाहीत. मी एकदा सुचवलं तर उठून गेले. फक्त रंगुबाई सोडत नाही. ती गाठोडं घेऊन बाकावर येऊन बसते आणि म्हणते, "मास्तर, सोडा की गाडी."

मग ते म्हणतात, "राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, कळस, अकोले, राजूर."

"फाटा आला का वं?"

"न्हाई मावशी. लांब हाय अजून. बसा."

ती बसून राहते. राजूर झालं की काकासाहेब न थांबता परतीचे थांबे सुरू करतात, आणि येतानाही फाटा गाळतात.