मोठ्या नावेची जागा
शेजारी छपराला डांबर लावतायत, आणि त्या वासाने मला तापीकाठची एक दुपार आठवली. आबांनी, माझ्या वडिलांनी, सवाऱ्या पैलतीरी न्यायला ताजं डांबर फासलेली मोठी नाव आणली होती. जुनी डोंगी बाभळीच्या मुळाला बांधली की भागायचं. ही मात्र गाळात रुतायची, हिला खोल पाणी हवं. काठाकाठाने आम्ही कायमची जागा शोधत फिरलो. केळीच्या बागवाल्याने हात जोडले, "आबा, आठे नाव बांधशात ते मना पाइप तुटी जाई." देवळाच्या पायऱ्यांशी पुजारी आडवा आला. पुढचा काठ वाळू उपसून ढासळलेला. खोल पाणी आणि पक्का खांब मिळाला तो स्मशानघाटावर. आबांनी दोर आवळला. मी म्हटलं, "आठून नावमा कोन बठी, आबा?" त्यांनी गाठीवर आणखी एक गाठ मारली. वऱ्हाड सोडा, बाजाराला जाणाऱ्या बायाही पुलावरून वळसा घालून जायच्या. नाव नुसती उन्हात तापत राहिली. त्याच हिवाळ्यात आबा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही दोर सोडला. त्या घाटावरून नावेत बसलेली पहिली सवारी आबाच होते, माझ्या मांडीवर, मडक्यात.