तीन पकडींचा आरसा

कान्ह्यात रुळांपासून हाकेच्या अंतरावर शालनबाईंचं घर. बावीस वर्षं त्यांनी गावात अंगणवाडी चालवली. कुणाचं नाक पूस, कुणाला झाडावरून उतरव, असं करत दिवसभर पायाला भिंगरी. गेल्या श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. वाचा हळूहळू परतली, पाय परतला नाही. दिवाळीत नवरा, भिकाजी, दूध आणायला गेले असताना त्या एकट्याच भिंत धरून न्हाणीकडं निघाल्या आणि उंबऱ्यात आदळल्या. कपाळाला चार टाके पडले.

त्या दिवशी पट्टा आला.

भिकाजी रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेला टप्पा चालायचा, रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची, नट ढिला दिसला की आवळायचा. चौतीस वर्षांत त्यांच्या टप्प्यात एक गाडी घसरली नाही. हाताला तीच सवय लागली होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण ते असं लावत की शालनबाईंचे दोन्ही हात चालत होते तेव्हाही त्यांना ते उघडायचं नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं खंडाळ्याच्या घाटात गेली. तिथं दरीच्या कडेला कमरेला बांधायचा पट्टा त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. तोच काढून त्यांनी शालनबाईंना चाकांच्या खुर्चीला बांधलं. शेवटच्या भोकात. बक्कल पाठीमागं.

"अवो, श्वास कोंडतोय माझा."

"पडण्यापरीस बरं."

तेव्हापासून शालनबाईंचं जग म्हणजे मागच्या दारातून दिसणारी पपई, कुंपणाची तार आणि जाणाऱ्या गाड्या. पुढं वाकून पदर सावरता येत नसे. पाठीला खाज सुटली तर हाक मारायची. नाशिकला नर्स असलेल्या लेकीचा, पायलचा, रोज फोन येई. "जय भीम आई, कशी आहेस?" शालनबाई म्हणत, "मजेत." सांगायचं तरी काय? हा माणूस अंघोळ घालतो, वेणी घालतो, भाकरी कुस्करून भरवतो. त्याची तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

अंगणवाडीत ग्रहांचा एक तक्ता होता. त्यावरचा गुरू दाखवून शालनबाई पोरांना सांगायच्या, याला पुष्कळ चंद्र आहेत, त्यातले चार दुर्बिणीतून दिसतात. स्वतः एकही पाहिला नव्हता. पायलला ते माहीत होतं. तिनं जानेवारीत आरशाची दुर्बीण पाठवली, पाण्याच्या मोठ्या पाइपाएवढी जाड, लाकडी बैठकीवर फिरणारी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आईला गुरूचे चंद्र दाखवा.'

पण नळीच्या वरच्या अंगाला असलेल्या भिंगाला डोळा लावायचा तर थोडं पुढं वाकावं लागे. पट्ट्यामुळं शालनबाईंचा डोळा चार बोटं अलीकडंच राही. म्हणून ठरलं, आधी भिकाजींनी नीट लावून घ्यायचं, मग बघू.

नीट काही लागेना. तारा ठिपक्यासारखा दिसायचा सोडून फुगलेला दिसे. भिकाजींनी फोकसची चकती पुढं फिरवली, मागं फिरवली. पहिल्या दिवशी दुर्बीण पत्र्याच्या पडवीला लागून होती. शालनबाई म्हणाल्या, "दिवसभर तापलेला पत्रा तो. भाकरी टाकल्यावर तव्यामागची भिंत हलताना दिसती, तसं होत असंल. लांब न्या." भिकाजींनी ती पपईखाली नेली. तरी फुगलेलाच. मग घरातला आरसा बाहेरच्या थंडीत मुरायला हवा म्हणून दुपार कलल्यावरच दुर्बीण बाहेर ठेवू लागले. तरी तेच. मग भिकाजींनी भिंगाच्या जागी मधोमध भोक पाडलेलं झाकण बसवलं आणि त्यातून आत बघत तळाच्या आरशाचे मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवले, नळीतल्या छोट्या आरशाचं प्रतिबिंब मोठ्या आरशात मधोमध येईपर्यंत. ताऱ्याला एका बाजूला जे शेपूट दिसत होतं ते गेलं. पण तारा गोल होईना.

"कसा दिसतोय, काढून दाखवा."

भिकाजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला. तीन कोपरे. दुसऱ्या दिवशी दुसरा तारा, तिसऱ्या दिवशी तिसरा.

"कायतरी ढिलं हाय," भिकाजी म्हणाले. मधेच मागून मालगाडी गेली, दुर्बीण थरथरली, त्यांची खात्रीच पटली. आरसा काढून त्यांनी सगळं पुन्हा आवळलं. कोपरे आणखी टोकदार झाले.

शालनबाईंकडं वेळच वेळ होता. मांडीवर तीन कागद ठेवून त्या उजव्या हातानं एकावर एक सरकवत बसल्या. तिन्ही चित्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी होती.

"आरसा जाग्यावर कशानं धरलाय?"

"पकडी हायेत कडंला. रबराच्या."

"किती?"

"तीन."

"आन् कोपरे किती?"

भिकाजी वाकून कागदावरचे कोपरे बघू लागले.

"दाबून धरलाय तुमी त्याला. काच वाकली असंल. सैल करा."

"सैल करून खाली आला म्हंजी?"

"खाली बैठक हाय त्याला. पकडी निस्त्या राखणीला. कागद जाईल एवढी फट ठेवा."

"येडी का काय तू? चौतीस वर्षं—"

"तो रूळ हाय का? त्याच्यावरनं गाडी जायची हाय का?"

दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दुपारी मात्र आरसा ओट्यावर घेतला. पाना फिरवताना कपाळावर घाम. एकेक पकड सैल करून कॅलेंडरचा तुकडा तिच्या आणि काचेच्या मधून सरकवला. पुन्हा झाकणाच्या भोकातून बघून आरसा सरळ केला. दिवेलागणीनंतर गुरू पपईच्या वर आला. भिकाजी भिंगाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बोला की!"

"गोल हाय गं. लय बारीक रेघा हायेत दोन. आन् बाजूला... एक, दोन... चार. चार हायेत, शालन. लाइनीत."

शालनबाईंनी खुर्चीतून मान ताणली. पट्टा बरगड्यांत रुतला. चार बोटं.

"आता माझा सोडा."

"मी सांगतो की तुला, कसे दिसत्यात..."

"बावीस वर्षं मीच सांगत आलेय. मला बघायचंय."

"न्हाई."

"आरशाचा सैल केलात न्हवं?"

"आरसा पडला तर दुसरा येतो," भिकाजी एकदम ओरडले. मग खाली बघून म्हणाले, "तुला मी उंबऱ्यातनं उचललंय. रगत थांबत न्हवतं."

शालनबाईंना हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "पडले. पण उठले न्हवं? हितं बांधून बसवल्यावर मी कुटं उठू?"

मागून गाडी गेली. ती पुरती जाईपर्यंत दोघं थांबले. मग भिकाजी खुर्चीमागं गेले. बक्कल वाजलं. एक भोक. शालनबाई पुढं झुकल्या, तीन बोटं उरली. दुसरं भोक. तिसरं. पट्टा त्यांनी काढला नाही. सैल झालेलं टोक मुठीत धरून उभे राहिले, घाटात दोर धरायचे तसे.

शालनबाईंनी उजव्या हाताचा कोपर मांडीवर टेकवला आणि डोळा भिंगाला लावला.

"दिसले का?" मागून भिकाजींनी विचारलं.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "मोजतेय."